कारखान्याचा खरा हिशेब : जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे चरित्र

टाटा हे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या उपनगरांत शोधूनही सापडणार नाही. जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था, अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल, लोणावळ्याच्या तलावांपासून निघणारी वीज, या सर्वांच्या मुळाशी एकच पुरुष होता हे पाठ्यपुस्तकांतून सर्वांस कळते. परंतु हॉटेल सोडले तर यांपैकी एकही काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. जमशेटजींचे आयुष्य प्रत्यक्षात गेले ते कापसाचे सूत व सुताचे कापड करण्यात. पुढील मोठ्या कामांस लागणारी दृष्टी त्यांनी गिरणीतच कमावली. आणि त्या शिक्षणातला सर्वांत कठीण धडा त्यांस मिळाला तो कुर्ल्यास, म्हणजे अगदी आपल्या दाराशी. म्हणून या लेखात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः एक गिरणीदार या नात्याने करावयाचा आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजराथेतील नवसारी या गावी झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मोपाध्यायांचे. वडील नसरवानजी यांनी ती पिढीजात वृत्ती सोडून मुंबईस व्यापार आरंभिला. मुलगा सुमारे तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्यास मुंबईस आणले व पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. तेथील अभ्यासक्रम सन १८५८ साली संपवून जमशेटजी वडिलांच्या पेढीवर बसू लागले. वाचनाची गोडी मात्र त्यांस जन्मभर पुरली. दुसऱ्याच वर्षी वडिलांनी त्यांस हाँगकाँगास पाठविले, आणि चीनच्या व्यापाराची सारी माहिती त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहून मिळविली.

इतक्यात सन १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या आणि शेअरांच्या सट्ट्याने लहानथोर सर्वांस वेड लावले. सन १८६५ साली युद्ध थांबताच तो फुगा फुटला. शेकडो पेढ्या बुडाल्या, त्यांत टाटांच्या पेढीसही जबर ठोकर बसली. जमशेटजी त्या वेळी विलायतेत होते. त्यांनी तोंड न लपविता धनकोंपुढे आपली खरी स्थिती मांडली, आणि त्या सचोटीमुळे त्यांजवरील विश्वास टिकून राहिला. सट्ट्याने वाढलेला पैसा हा संपत्ती नव्हे, हे पंचविशीच्या तरुणास इतक्या जवळून पाहावयास मिळाले.

सन १८६८ साली केवळ एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्याच सुमारास ॲबिसिनियावर गेलेल्या इंग्रजी फौजेस सामान पुरविण्याच्या मक्त्यात टाटांचा भाग होता. त्यात चांगला नफा होऊन घर सावरले. पुढील वर्षी चिंचपोकळी येथे बंद पडलेली तेलाची एक गिरणी त्यांनी विकत घेतली, तीत सूत-कापडाची यंत्रे बसविली, तिला अलेक्झांड्रा मिल हे नाव दिले व दोन वर्षांनी ती नफ्याने विकून टाकली. दुसरा एखादा व्यापारी हाच क्रम पुढे चालविता. जमशेटजींस मात्र आपणांस हा धंदा पुरता कळलेला नाही असे वाटले. ते पुन्हा विलायतेस गेले व लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहून आले.

परत आल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला त्याने मुंबईकर चकित झाले. मुंबईत ताडदेव येथे कावसजी दावर यांची पहिली गिरणी सन १८५६ साली चालू झाली होती, आणि तेव्हापासून गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरणच ठरले होते. जमशेटजींनी गिरणीसाठी जागा निवडली ती नागपुरास. यामागील हिशेब विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगा आहे. वऱ्हाड-नागपुरकडचा कापूस आगगाडीने मुंबईस यावयाचा. त्यातील कचरा व तुटके तंतू गिरणीत वाया जावयाचे, म्हणजे फेकून द्यावयाच्या जिनसेसही भाडे भरावे लागे. मग तयार झालेले कापड पुन्हा त्याच मुलखात विकण्यासाठी परत जावयाचे व त्यावर दुसऱ्यांदा भाडे पडावयाचे. मुंबईत जागा महाग, कोळसा दुरून आणावयाचा. नागपुरास कापूस दाराशी, रेल्वे येऊन पोहोचलेली, जमीन स्वस्त आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी जवळ. सन १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी निघाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती, ती भरून काढावी लागली. नागपुरातील एका सावकाराने हा मनुष्य आपले सोने मातीत घालीत आहे असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की त्या मनुष्याने माती घालून सोने काढले. ता. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली त्या दिवशी, गिरणी सुरू झाली व म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल असे पडले. प्रारंभी तीत थ्रॉसलच्या १५,५५२ चात्या, म्यूलच्या १४,४०० चात्या व ४५० माग होते.

जागा उत्तम निवडली, तरी पहिली काही वर्षे बेताचीच गेली. कारण यंत्रे घेताना काटकसर करण्यात आली होती. ती हलक्या प्रतीची निघाली. यंत्र स्वस्त मिळाले म्हणजे माल स्वस्त पडेल असे सामान्य मनुष्यास वाटते. ही समजूत किती चुकीची आहे हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. समजा, कापसाची किंमत सोडून एका खात्याचा मजुरी, कोळसा, तेल व व्याज मिळून रोजचा खर्च शंभर रुपये आहे व तेथे शंभर शेर सूत निघते. म्हणजे शेरास एक रुपया पडला. आता यंत्र वाईट असल्यामुळे धागा वारंवार तुटू लागला व सूत ऐंशी शेरच निघाले. मजुरी तीच, कोळसा तोच, व्याजही तेच. परंतु शेरास सव्वा रुपया पडू लागला. यंत्र घेताना वाचविलेला पैसा अशा रीतीने रोज थोडाथोडा गळून जातो, आणि जमाखर्चाच्या वहीत त्या गळतीचे नाव कोठेच लिहिलेले नसते. जमशेटजींनी ही गळती ओळखली व जुनी यंत्रे काढून चांगली बसविण्याचे धोरण धरले. पुढे नफा सर्वच्या सर्व वाटून न टाकता त्यातील भाग यंत्रांच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ पडला.

माणसे निवडण्यातही त्यांची दृष्टी अशीच वेगळी होती. एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांस नेमले. ते रेल्वेच्या नोकरीतले. गिरणीचे त्यांस काहीच ज्ञान नव्हते. परंतु मालाची व माणसांची व्यवस्था लावण्यात ते तरबेज होते. यंत्रांकडे पाहण्यास जेम्स ब्रुक्सबी हे लँकेशायरचे कुशल गृहस्थ होते. या दोघांच्या साह्याने सन १८८३ च्या सुमारास जमशेटजींनी एक धाडसाचा प्रयोग केला. त्या काळी सूत काढण्याचे प्रमुख यंत्र म्हणजे म्यूल. त्याचा गाडा चार-पाच फूट पुढे सरकून धागा ओढतो व त्यास पीळ देतो. मग मागे येताना तो धागा चातीवर गुंडाळतो. म्हणजे गुंडाळणे चालू असता कातणे बंद, व कातणे चालू असता गुंडाळणे बंद. अमेरिकेत निघालेल्या रिंग यंत्रात चातीभोवती एक कडे असून त्यावर धातूचा एक चिमुकला आकडा धाग्यासह गरगर फिरतो, आणि त्यायोगे पीळ देणे व गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी अखंड चालतात. चालविणाऱ्यास तितके बळ व कसबही लागत नाही. अतिशय बारीक सुतास म्यूलच अधिक चांगले ठरे. परंतु जाड व मध्यम सुतास, म्हणजे आपल्या देशातील बहुतेक गिरण्यांच्या मालास, रिंग फार सोयीचे होते. लँकेशायरमधील कारखानदार अद्याप या यंत्राकडे संशयाने पाहत होते. जमशेटजींनी ऐकीव मतावर न विसंबता आधी थोडी यंत्रे आणून स्वतःच्या गिरणीत चालवून पाहिली. उत्पन्न वाढलेले दिसताच त्यांनी हळूहळू सर्व गिरणी त्यांनी भरून टाकली. पुढे जगातील गिरण्याही त्याच मार्गाने गेल्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की सूत ठिसूळ होऊन पटापट तुटते. यासाठी खात्यांत दमट हवा सोडण्याची यंत्रे बसविण्यात आली. कापसाच्या गिरणीस आगीचे भय नित्याचे. म्हणून छताशी पाण्याचे नळ बसवून उष्णता वाढताच त्यांतून आपोआप फवारे सुटतील अशी तजवीज केली गेली. या दोन्ही गोष्टी त्या वेळी हिंदुस्थानात नवीन होत्या. त्यांस खर्च पुष्कळ आला. परंतु धागा तुटण्याचे व आग लागण्याचे नुकसान त्याहून अधिक असते, हे जमशेटजी जाणून होते.

सर्वांत मोठी गळती मात्र यंत्रांत नव्हती. कामकरी वारंवार खाडे करीत. घरी लग्न निघाले, शेतीचा हंगाम आला, की माग रिकामे पडत. दंड करणे किंवा कामावरून काढणे हा रूढ उपाय. पण काढलेल्या माणसाच्या जागी अननुभवी माणूस येई व सूत अधिकच तुटे. जमशेटजींनी उलट दिशेने विचार केला. मनुष्य टिकून राहावा असे वाटत असेल, तर टिकण्यात त्याचे हित दिसले पाहिजे. नियमित येणाऱ्यांस व चांगले काम करणाऱ्यांस समारंभपूर्वक बक्षिसे मिळू लागली. सन १८८६ साली पेन्शन फंड काढण्यात आला, सन १८९५ पासून अपघातात जायबंदी होणाऱ्यांस भरपाई मिळू लागली व सन १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. कायद्याने अशी सक्ती केली नव्हती तेव्हाच्या या गोष्टी आहेत.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी देशातील गिरण्यांत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. सन १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यात ठेवण्याची बंदी झाली. यावरूनच पूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना यावी. मुंबईच्या गिरणी कामकऱ्यांस आठवड्याची एक सुटी मिळाली ती सन १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. जमशेटजी त्याच काळाचे गिरणीदार होते. तथापि मजुरी कापून नव्हे, तर मजुराचे जिणे सुधारून माल स्वस्त करता येतो, हे त्यांनी करून दाखविले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता कुर्ल्याकडे वळू. मुलुंड-घाटकोपरकडून मुंबईस जाताना कुर्ल्यावरून जावेच लागते. तेथे चुनाभट्टीजवळ धरमसी मिल नावाची एक प्रचंड गिरणी होती. सुमारे लाखभर चात्या व तेराशे माग असलेली ही गिरणी उभारण्यास पन्नास लाखांहून अधिक रुपये लागले होते असे सांगतात. परंतु ती कोणाच्याच हातून नीट चालली नाही. सन १८८६ साली जमशेटजींनी ती साडेबारा लाखांस घेतली, तिच्यासाठी नवी कंपनी काढली व तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. वंगभंगाच्या चळवळीने स्वदेशी हा शब्द घरोघर नेला त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परदेशाहून येणाऱ्या मालाच्या तोडीचे बारीक सूत येथे काढावे, हा त्यांचा हेतू होता.

सौदा कागदावर मोठा फायद्याचा दिसत होता. गिरणीने मात्र लवकरच आपले खरे रूप दाखविले. यंत्रे झिजलेली व जुनाट होती. आज एक दुरुस्त करावे तो उद्या दुसरे मोडे. चीनकडे पाठविलेल्या सुताविषयी तक्रारी आल्या. नफ्याऐवजी तोटा दिसू लागला, शेअरांचा भाव घसरला व भागीदार कुरकुरू लागले. नागपुरास स्वस्त यंत्रांनी दिलेला धडा येथे दहापटीने मोठा होऊन पुढे उभा राहिला. बँकेने स्वदेशी मिलच्या तारणावर कर्ज देण्याचे नाकारले. अशा वेळी कंपनी बुडू देणे कायद्याने सोपे होते. जमशेटजींनी ते केले नाही. आपल्या कुटुंबासाठी बाजूस ठेवलेला पैसा त्यांनी मोकळा केला, एम्प्रेस मिलचे स्वतःचे काही शेअर विकले व ती रक्कम कुर्ल्यात घातली. नागपुराहून निवडक माणसे आणली. निरुपयोगी यंत्रे मोडीत काढून नवी बसविली. प्रत्येक खात्यात सूत कोठे तुटते, कापूस कोठे वाया जातो, याचा शोध चालविला. अशी कित्येक वर्षे झगडल्यावर गिरणी सावरली. ज्या पूर्वेकडील बाजारातून तक्रारी आल्या होत्या तेथेच तिच्या सुतास चांगला भाव मिळू लागला. नागपुरास त्यांनी गिरणी निर्माण केली. कुर्ल्यास मरणोन्मुख गिरणी जगविली. दुसरे काम अधिक कठीण होते असे म्हणावे लागेल.

या अनुभवामुळे त्यांची दृष्टी गिरणीच्या भिंतींपलीकडे गेली. माल कारखान्यात स्वस्त पडला तरी तो गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचेपर्यंत महाग होऊ शकतो. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या सुतावर आगबोटीच्या बड्या कंपन्या, त्यांत पी. अँड ओ. ही प्रमुख, टनास एकोणीस रुपये भाडे घेत. सन १८९३ साली जमशेटजी जपानास गेले व तेथील निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीच्या सहकार्याने त्यांनी बारा रुपये दराने बोटी सुरू केल्या. प्रतिस्पर्ध्यांनी आपला दर एकदम दीड रुपयावर आणला. त्या क्षणिक स्वस्ताईस भुलून व्यापारी एकेक करून टाटांस सोडून गेले आणि टाटांच्या बोटी बंद पडल्या. जपानी कंपनीचा मार्ग मात्र चालू राहिला. हा त्यांचा पराभव होय. परंतु भाडे हाही मालाच्या किमतीचाच भाग आहे, हे त्यांनी सर्व गिरणीदारांच्या नजरेस आणून दिले.

सन १८९६ साली सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के जकात बसविली, तेव्हा त्यांनी आकडे गोळा करून तिच्याविरुद्ध बाजू मांडली. ती जकात पुढे सन १९२६ मध्ये रद्द झाली. बारीक सुतास लांब धाग्याचा कापूस हवा, म्हणून मिसरी कापूस आपल्या देशात पिकविण्याविषयी त्यांनी सन १८९६ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली व स्वतः प्रयोगही करविले.

विजेची योजनाही याच हिशेबातून निघाली. मुंबईच्या गिरण्या चालत कोळशाच्या वाफेवर, आणि तो बंगालच्या खाणींतून हजाराहून अधिक मैल प्रवास करून यावयाचा किंवा समुद्रापारहून यावयाचा. इकडे सह्याद्रीवर दरसाल धो धो पाऊस पडून सारे पाणी वाहून जात होते. ते घाटमाथ्यावर अडवून खाली कोकणात सोडावे व त्या जोरावर वीज उत्पन्न करावी, ही कल्पना त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या मनात घोळत होती. त्यांच्या पश्चात लोणावळ्यास तलाव बांधले गेले, खोपोलीस वीजघर उभे राहिले व सन १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. पोलादाचेही असेच झाले. सन १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या खनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास योग्य ठरेना. ज्या कोळशाने गिरणी चालते त्याने लोखंड वितळतेच असे नाही. खनिज, कोळसा व पाणी यांचा मेळ जेथे बसेल ती जागा शोधावी लागली, आणि ती साकची येथे सापडली तेव्हा जमशेटजी या जगात नव्हते. तेथे पोलाद निघाले सन १९१२ साली. कारखान्याची जागाही ठरली नव्हती तेव्हाच त्यांनी आपले चिरंजीव दोराबजी यांस कळविले होते, की कामकऱ्यांच्या गावात रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे लावावीत, खेळास मैदाने राखावीत आणि सर्व धर्मांच्या लोकांस प्रार्थनेसाठी जागा असावी. नागपुरास बक्षिसांपासून सुरू झालेला विचार येथे पूर्णत्वास गेला.

सन १९०४ च्या मार्चमध्ये त्यांच्या पत्नी हिराबाई वारल्या. प्रकृती आधीच खालावली होती. उपचारांसाठी ते युरोपात गेले असता ता. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंडात ब्रुकवूड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

ज्या दोन गिरण्यांवर त्यांनी जिवापाड मेहनत घेतली त्या आज चालू नाहीत. कुर्ल्याची स्वदेशी मिल सन २००० च्या सुमारास बंद पडली. एम्प्रेस मिलही सरकारच्या हाती जाऊन अखेर थांबली. नवी यंत्रे वेळेवर न आली, जुन्यावर निभावून नेले, की मोठा कारखानाही कसा मागे पडतो, हे मुंबईच्या अनेक गिरण्यांच्या इतिहासात दिसून येते, आणि त्यांच्या बंद दारांबाहेर कामकऱ्यांची हजारो कुटुंबे उभी राहिलेली उपनगरांनी पाहिली आहेत. चुनाभट्टीस त्या गिरणीच्या नावाचा रस्ता आहे. तेथून जाताना विद्यार्थ्यांनी इतके आठवावे, की जमशेटजींची थोरवी त्यांच्या संपत्तीत नव्हती. स्वस्त व महाग हे शब्द सर्वच उच्चारतात. परंतु एखादी वस्तू खरोखर कशाने स्वस्त होते व कोणाच्या कष्टाने होते, हे धाग्याच्या टोकापर्यंत जाऊन पाहण्याचे कष्ट त्यांनी घेतले. पुढे आपण कारखान्यात, कचेरीत वा दुकानात, कोठेही काम करू लागलो, तरी हा हिशेब आपणां सर्वांस मांडावाच लागणार आहे.